ड जीवनसत्त्व, संप्रेरके आणि चरबी : सार्वजनिक आरोग्य विभाग व अन्न आणि औषध प्रशासनास खुले पत्र

प्रति,
मा. सचिव, सार्वजनिक आरोग्य विभाग, महाराष्ट्र शासन
मा. आयुक्त, अन्न व औषध प्रशासन, महाराष्ट्र राज्य

विषय : वजन कमी करण्याच्या नावाखाली होणारी ड जीवनसत्त्वाची विक्री आणि त्यातून होणारी रुग्णांची दिशाभूल

महोदय,

मी पुण्यात फिजिशियन म्हणून काम करते. ‘डी कमी आहे म्हणून वजन उतरत नाही’ हे वाक्य माझ्या ओपीडीत आता रोज ऐकू येते. कुणाला ते जिममधल्या ट्रेनरने सांगितलेले असते, कुणाला ‘फुल बॉडी चेकअप’चा रिपोर्ट फोनवर समजावून देणाऱ्या सल्लागाराने, तर कुणी ‘हार्मोन बॅलन्स करा, पोटाची चरबी घालवा’ अशी जाहिरात मोबाइलवर पाहून गोळ्या मागवलेल्या असतात. लठ्ठ व्यक्तींच्या रक्तात ड जीवनसत्त्व कमी आढळते, हे खरे आहे आणि अनेक देशांतल्या अभ्यासांनी ते दाखवून दिले आहे. मात्र त्यामागचा कार्यकारणभाव लोकांना उलटा सांगितला जातो. चरबी वाढली की रक्तातले ड जीवनसत्त्व घटते, याला भक्कम पुरावा आहे. ड जीवनसत्त्व घटले म्हणून माणूस लठ्ठ होतो आणि ते भरून काढले की चरबी उतरते, याला तसा पुरावा नाही. या उलट्या सांगण्यापायी लोकांचा पैसा जातो, क्वचित मूत्रपिंडावरही बेतते, आणि ज्या काळात मधुमेह थोपवता आला असता तो काळ ड जीवनसत्त्वाची पाकिटे दुधात ढवळण्यात निघून जातो. म्हणून हे पत्र.

त्वचेतील ७-डिहायड्रोकोलेस्टेरॉल या द्रव्यावर सूर्याचे अतिनील-ब किरण पडले की ड-३ तयार होऊ लागते. ते यकृतात पोहोचते आणि तिथे त्याचे २५-हायड्रॉक्सी रूप बनते. प्रयोगशाळेत आपण मोजतो ते हेच रूप. पुढे मूत्रपिंडात, गळ्यातील पॅराथायरॉइड ग्रंथीच्या संप्रेरकाच्या (हार्मोनच्या) हुकमाने, त्याचे कॅल्सिट्रिऑल होते. कॅल्सिट्रिऑल हे पूर्ण अर्थाने संप्रेरक आहे आणि आतड्यातून कॅल्शियम शोषून घेणे हे त्याचे मुख्य काम आहे. ते कमी पडले तर लहान मुलांना मुडदूस होतो, मोठ्यांची हाडे मऊ पडतात, मांड्यांच्या आणि खांद्यांच्या स्नायूंतली ताकद जाते. हे आजार खरे आहेत, आपल्या राज्यात आहेत, आणि त्यांच्यावर ड जीवनसत्त्व हाच उपचार आहे. त्याविषयी माझे काहीच दुमत नाही.

आता चरबीकडे येते. ड जीवनसत्त्व चरबीत विरघळते आणि मेदपेशींत साठून राहते. मूठभर मीठ तांब्याभर पाण्यात टाकले आणि तेवढेच हंडाभर पाण्यात टाकले, तर हंड्यातले पाणी कमी खारट लागेल. मीठ मात्र दोन्हीकडे सारखेच आहे. मोठ्या शरीरात ड जीवनसत्त्वाचे बव्हंशी हेच होते. २००० साली बोस्टनमधील संशोधकांनी सडपातळ आणि लठ्ठ अशा दोन्ही गटांना सारख्याच अतिनील-ब किरणांखाली ठेवले. दोघांच्याही त्वचेतील कच्चा माल जवळपास सारखाच होता. तरीही चोवीस तासांनी लठ्ठ गटाच्या रक्तातील ड-३ ची वाढ दुसऱ्या गटापेक्षा ५७ टक्क्यांनी कमी भरली. त्वचेने आपले काम केले होते. तयार झालेला माल रक्तापर्यंत पुरेसा पोहोचला नव्हता. त्यात आणखी एक भर पडते. यकृतात २५-हायड्रॉक्सी रूप बनवणारे सीवायपी२आर१ हे विकर (एन्झाइम) लठ्ठपणात मंदावते, असे उंदरांवरील प्रयोगांत दिसले आहे. शिवाय वजन जास्त असलेली माणसे उघड्यावर कमी वावरतात, अंग झाकून घेतात, मैदानावर जायला संकोचतात. हा संकोच त्यांच्यावर लादणारे आपणच आहोत, हे इथे नोंदवून पुढे जाते.

कारण कोणते आणि परिणाम कोणता, हे ठरवण्याची याहून पक्की पद्धत जनुकांच्या अभ्यासातून मिळाली. जन्मतः मिळालेली जनुके आहाराने किंवा उन्हाने बदलत नाहीत, म्हणून त्यांच्या आधारे दोन्ही दिशा तपासता येतात. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांच्या पुढाकाराने २१ गटांतील सुमारे ४२ हजार लोकांची माहिती एकत्र करून २०१३ साली असा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांची जनुके वजन वाढवणारी होती त्यांच्यात ड जीवनसत्त्व कमी होते. बॉडी मास इंडेक्स (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) १० टक्क्यांनी वाढला की रक्तातील ड जीवनसत्त्व सुमारे ४ टक्क्यांनी घटते, असा हिशेब निघाला. उलट, ज्यांची जनुके ड जीवनसत्त्व कमी ठेवणारी होती ती माणसे त्यामुळे जाड झालेली दिसली नाहीत. अमेरिकेत सिअ‍ॅटलला रजोनिवृत्तीनंतरच्या, वजन जास्त असलेल्या स्त्रियांवर वर्षभराचा एक अभ्यास झाला. ज्या स्त्रियांनी आहार आणि व्यायामाने १५ टक्क्यांहून अधिक वजन उतरवले त्यांचे ड जीवनसत्त्व मिलिलिटरमागे सरासरी सुमारे पावणेआठ नॅनोग्रॅमने वर आले; ज्यांचे वजन जेमतेम हलले त्यांचे दोनच नॅनोग्रॅमने. चरबी उतरते तसे ड जीवनसत्त्व चढते, हे यातून स्पष्ट दिसते.

उलटा समज अगदी हवेतून आलेला नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. मेदपेशींवर ड जीवनसत्त्वाचा संदेश पकडणारे ग्राहक (रिसेप्टर) असतात. ड जीवनसत्त्व कमी झाले की पॅराथायरॉइड संप्रेरक वाढते, त्याने पेशीतील कॅल्शियम वाढते, आणि त्यामुळे पेशी चरबी साठवण्याकडे झुकत असावी, असा तर्क प्रयोगशाळेतील कामांवरून काही संशोधकांनी मांडला होता. तर्क वाजवी होता. पण माणसांवर तपासला तेव्हा तो टिकला नाही. अमेरिकेतील ‘व्हायटल’ या २५,८७१ लोकांच्या चाचणीत रोज २,००० युनिट ड-३ दिले गेले. त्यांतल्या ७७१ जणांच्या शरीरातील चरबी आणि स्नायू डेक्सा यंत्राने मोजले, तेव्हा दोन वर्षांनंतरही गोळी घेणारे आणि नुसती दिखाऊ गोळी घेणारे यांच्या वजनात वा चरबीत फरक पडलेला नव्हता. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या २,४२३ लोकांना रोज ४,००० युनिट देणाऱ्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘डीटूडी’ चाचणीतही मधुमेह ठळकपणे टळल्याचे सिद्ध झाले नाही. एवढ्या मोठ्या चाचण्या झाल्यानंतरही ‘डी भरून काढा, पोट उतरेल’ असे पैसे घेऊन सांगणे हा अज्ञानाचा भाग उरत नाही.

मागच्या वर्षी पन्नाशीतल्या एक बाई माझ्याकडे आल्या. प्लास्टिकच्या फायलीत सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावलेले होते. पहिल्या रिपोर्टवर ड जीवनसत्त्व १२ नॅनोग्रॅम, आणि त्या आकड्याभोवती कुणीतरी पिवळ्या मार्करने गोल केलेला. त्यांनी साठ हजार युनिटची पाकिटे दर रविवारी न चुकता घेतली होती, आठ आठवड्यांनी थांबायचे हे त्यांना कुणी सांगितले नव्हते, म्हणून पुढेही घेत राहिल्या. नव्या रिपोर्टवर आकडा ६८ झाला होता. वजन ८३ किलोचे ८४ झाले होते. “डॉक्टर, डी तर वाढलं, आता वजन कधी उतरणार?” असे त्यांनी अगदी भाबडेपणाने विचारले. मी पान उलटले. मागच्याच पानावर तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी, म्हणजे एचबीए१सी, आधीच्या वेळी ५.९ आणि आता ६.४, म्हणजे अगदी मधुमेहाच्या उंबरठ्यावर, होती. त्या आकड्याभोवती कुणीही गोल केला नव्हता. कंबर मोजली तर ९६ सेंटिमीटर भरली. आजवर कुणीही त्यांच्या कंबरेला टेप लावलेली नव्हती. दिवसातून चार वेळा साखरेचा चहा, त्यासोबत खारी किंवा टोस्ट, रात्रीचे जेवण साडेदहाला, झोप जेमतेम पाच तास. यातले काहीच त्यांना कुणी विचारले नव्हते, कारण सगळ्या प्रश्नांचे उत्तर त्या पाकिटात आहे असे त्यांनाही आणि त्यांना सल्ला देणाऱ्यांनाही वाटत होते.

‘हार्मोन्स बिघडलेत’ हा असाच दुसरा सरसकट शेरा. संप्रेरकांचा आणि चरबीचा संबंध खोल आहे, पण तो प्रत्येक संप्रेरकाचा वेगळा आहे आणि ‘हार्मोन बॅलन्स’ करणारी एकच गोळी असू शकत नाही. इन्सुलिन मेदपेशीतली चरबी बाहेर पडू देत नाही. सतत गोड आणि पिठूळ खाल्ल्याने, बैठ्या कामाने आणि पोटात साचलेल्या चरबीने इन्सुलिनचा प्रभाव मंदावतो, मग शरीर ते अधिकाधिक बनवत जाते. १९९४ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या चमूने लेप्टिन शोधून काढले, तेव्हापासून चरबी ही स्वतःच एक संप्रेरक ग्रंथी आहे हे सर्वमान्य झाले. मेदपेशी लेप्टिन सोडतात आणि मेंदूला ‘पुरे झाले’ असे कळवतात. लठ्ठपणात लेप्टिन भरपूर असते, पण मेंदू त्याला दाद देईनासा होतो. म्हणजे इथेही बव्हंशी चरबीच संप्रेरकांची घडी विस्कटते. थायरॉइड कमी पडल्याने वजन वाढते खरे, परंतु ती वाढ बहुधा थोडीच असते आणि तिच्यात पाणी व क्षारांचा वाटा मोठा असतो. थायरॉइडची गोळी नीट चालू असूनही वीस किलो जास्त असतील तर दोष थायरॉइडला देता येत नाही. रजोनिवृत्तीत इस्ट्रोजेन घटते आणि मांड्या-नितंबांवरची चरबी पोटाकडे सरकते. पीसीओएस हा पाळी अनियमित करणारा संप्रेरकांचा विकार असलेल्या मुलींत इन्सुलिनचा प्रभाव कमी असतो आणि ड जीवनसत्त्वही अनेकदा कमी आढळते, म्हणून त्यांना पाकिटे सर्वांत आधी दिली जातात; वास्तविक त्यांची पाळी नियमित व्हायला अनेकदा वजनात पाच-दहा टक्के घट पुरते. राहिले कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचे संप्रेरक; स्टेरॉइड औषधे त्याचेच काम करतात. मानसिक ताणाने पोट सुटते, एवढेच त्याच्याबद्दल सांगितले जाते. पण सांधेदुखीवर वा दम्यावर महिनोन्‌महिने, कधी नाव नसलेल्या पुड्यांतून, स्टेरॉइड घेतल्याने फुगलेले चेहरे आणि पोटे आम्ही ग्रामीण भागातून आलेल्या रुग्णांत कितीतरी पाहतो. संप्रेरकांच्या नावाने काही करायचेच असेल तर अन्न व औषध प्रशासनाने या पुड्यांच्या मागे लागावे, ही माझी कळकळीची विनंती आहे.

महाराष्ट्रापुरती एक गोष्ट वेगळी सांगणे भाग आहे. वजनकाट्यावर सडपातळ दिसणाऱ्या आपल्या माणसांच्या अंगातही चरबी बरीच असते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांत माता आणि बालकांचा जो दीर्घ अभ्यास चालवला, त्यातून जन्मतःच वजनाने लहान पण तुलनेने चरबी राखून असलेले भारतीय बाळ जगापुढे आले. २००४ साली त्यांनी आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दोघांचा स्वतःचाच फोटो छापला होता. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स २२.३ होता, चरबी मात्र युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या अंगात २१.२ टक्के होती. म्हणूनच आपल्याकडे २३ पासून जादा वजन आणि २५ पासून लठ्ठपणा धरतात, आणि कंबर पुरुषांची ९० व स्त्रियांची ८० सेंटिमीटरच्या आत असावी असे सांगतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९–२१ च्या पाचव्या फेरीत देशातील २४ टक्के स्त्रिया आणि जवळपास २३ टक्के पुरुष २५ च्या वर होते. २३ ची रेघ लावली तर हा आकडा कितीतरी फुगेल.

पण आपल्याकडे ड जीवनसत्त्व कमी असण्याचे खापर सगळे चरबीवर फोडता येणार नाही, कारण ते काटक माणसांतही कमी सापडते. त्याचा दोष आपल्या राहणीत आहे. सावळ्या त्वचेला तेवढेच ड जीवनसत्त्व बनवायला जास्त वेळ ऊन लागते. शहरात धूर आणि धूळ अतिनील-ब किरण अडवतात. पुण्यात दुचाकीवरच्या मुली स्कार्फ, सनकोट आणि हातमोजे घालून निघतात, दिवसभर काचेच्या इमारतीत बसतात, आणि काचेतून अतिनील-ब किरण जवळपास येतच नाहीत. त्यातच ‘कोवळे ऊन घ्या’ हा पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला सल्ला. ते ऊन सुखद असते, बाळाला न्हाऊमाखू घातल्यावर उबदार असते, पण सूर्य क्षितिजाजवळ असताना ड जीवनसत्त्व बनवणारे किरण वातावरणातच अडकून पडतात. आपली सावली आपल्या उंचीहून आखूड पडते तेव्हाचे ऊन उपयोगाचे. आपल्या अक्षांशावर ते साधारण सकाळी १० ते दुपारी ३ च्या दरम्यानचे, हिवाळ्यात त्याहूनही कमी वेळ. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत भर दुपारी उन्हात उभे राहायला सांगणे हा गुन्हाच ठरेल, म्हणून हा सल्ला ऋतू आणि जिल्हा पाहून द्यावा लागेल.

एका बाजूला अनावश्यक पाकिटे आणि दुसऱ्या बाजूला खरोखर कमतरता असलेल्या लठ्ठ रुग्णाला अपुरी मात्रा, अशी दुहेरी चूक आज होते आहे. एंडोक्राइन सोसायटी या संप्रेरकतज्ज्ञांच्या अमेरिकेतील संस्थेच्या २०११ च्या मार्गदर्शनात लठ्ठ व्यक्तीला दोन ते तीन पट मात्रा लागते असे म्हटले होते, आणि ‘व्हायटल’ चाचणीच्या पुढील विश्लेषणातही वजन जास्त असलेल्यांचे ड जीवनसत्त्व सारख्याच गोळीने कमी वर आले. तेव्हा ज्या लठ्ठ रुग्णाचे हाड दुखते, जिना चढताना मांड्या साथ देत नाहीत, ज्याची वजन घटवण्याची (बेरियाट्रिक) शस्त्रक्रिया झाली आहे, त्याला योग्य मोठी मात्रा द्यावी आणि पुन्हा तपासावे. ती त्याच्या हाडांसाठी, हे त्याला स्पष्ट सांगून. मात्र निरोगी लठ्ठ व्यक्तीची केवळ लठ्ठ म्हणून तपासणी करत बसू नये, असे त्याच संस्थेने २०२४ मध्ये सुचवले आहे. ३० नॅनोग्रॅमच्या वर असलेच पाहिजे हा आग्रहही तिने सोडला आहे. आपल्या प्रयोगशाळांच्या कागदांवर मात्र ३० चा आकडा अजून ‘नॉर्मल’ची सुरुवात म्हणून छापला जातो आणि २४-२५ आलेला धडधाकट माणूस आजारी ठरतो.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढाची रोजची गरज ६०० युनिट आहे. म्हणजे साठ हजारांचे एक पाकीट हे शंभर दिवसांच्या गरजेइतके. ते आठवड्यातून एकदा, ठरावीक आठवडे आणि डॉक्टरच्या सल्ल्याने घ्यायचे असते. ते रोज घेतल्यामुळे किंवा सहा लाख युनिटची इंजेक्शने एकापाठोपाठ घेतल्यामुळे रक्तातले कॅल्शियम वाढून उलट्या, बद्धकोष्ठ, अतोनात तहान आणि मूत्रपिंडाची हानी झालेल्या रुग्णांची वर्णने आपल्याकडच्या वैद्यकीय नियतकालिकांतून आलेली आहेत. तरीही ही पाकिटे केमिस्टकडे चिठ्ठीशिवाय सर्रास मिळतात.

आपल्याकडून मला जे हवे आहे ते फार खर्चाचे नाही. औषधे व जादूई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा, १९५४ याच्या परिशिष्टात लठ्ठपणाचा समावेश आहे. त्यावर औषधाने इलाज करण्याची जाहिरातच त्या कायद्याने निषिद्ध आहे. ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या, पाकिटे आणि ‘हार्मोन बॅलन्स’ची उत्पादने वजन उतरवतात असा दावा करणाऱ्यांवर, मग तो दावा फलकावर असो वा मोबाइलच्या पडद्यावर, प्रशासनाने या कायद्याखाली कारवाई करावी. साठ हजार युनिटच्या प्रत्येक पाकिटावर ‘आठवड्यातून एकदाच’ हे शब्द ठळक मराठीत असावेत, यासाठी केंद्राकडे आग्रह धरावा आणि तोवर केमिस्टांनी ते हाताने लिहून द्यावेत. प्रयोगशाळांच्या संघटनांना बोलावून ड जीवनसत्त्वाचा आकडा कोणत्या मर्यादेने वाचायचा हे एकदाचे ठरवावे. फोनवरून रिपोर्ट समजावणाऱ्या, वैद्यकीय शिक्षण नसलेल्या सल्लागारांना औषध सुचवण्यास मज्जाव करावा.

आरोग्य विभागाने शाळांचा खेळाचा तास हिवाळ्यात तरी पहाटेच्या गारठ्याऐवजी अकराच्या सुमारास ठेवता येतो का, हे शिक्षण विभागाशी बोलून पाहावे. अ आणि ड जीवनसत्त्वे मिसळलेल्या दुधा-तेलाला ‘+एफ’ची खूण असते, शासनाच्या आश्रमशाळांत आणि वसतिगृहांत तेच खरेदी करण्याचा आदेश काढता येईल. आणि प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात, प्रत्येक आशाताईंच्या पिशवीत कंबर मोजायची टेप असावी. ती काही रुपयांना मिळते. तीस वर्षे ओलांडलेल्या प्रत्येक स्त्री-पुरुषाची कंबर वर्षातून एकदा मोजून कार्डावर लिहावी आणि ८० वा ९० च्या पुढे गेलेल्यांची साखर आणि रक्तदाब त्याच दिवशी तपासावा.

आपली विश्वासू,
पुण्यातील एक फिजिशियन